रोझीमावशीचे नातेवाईक

ज्येष्ठ नागरिक संघाची स्मरणिका निघायची होती. तिच्यात ‘माणुसकीचे दीप’ असं एक सदर होतं आणि त्यासाठी मी रोझीमावशीवर पानभर लिहून द्यावं, असं चिटणीसांनी मला फोनवर सांगितलं. “तुम्ही तिच्या शेजारी होता, त्यात मराठीच्या बाई. तुमच्या तर हातचा मळ आहे,” असं वर म्हणाले. मी कागद घेऊन बसले. ‘कनवाळू’ लिहिलं आणि खोडलं. ‘निरपेक्ष’ लिहिलं, तेही खोडलं. ‘मितभाषी’ लिहायचा तर प्रश्नच नव्हता. दोन दिवसांनी मी चिटणीसांना दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवलं आणि सुटले.

सुटले म्हणजे काय, तेव्हापासून ती बाई डोक्यातून जात नाही. माणूस कसा आहे हे मला एरवी लवकर कळतं. पोरांचे चेहरे वाचण्यातच माझी नोकरी गेली. पण रोझीमावशी चांगली होती की लबाड, साधी होती की बारा गावचं पाणी प्यायलेली, हे मला तिच्या डोक्यावर राहून कळलं नाही. ‘डोक्यावर’ म्हणजे खरोखरच. ती तळमजल्याला आणि आम्ही पहिल्या मजल्यावर.

परळची खोली विकून आम्ही भाईंदरला जेसल पार्कात राहायला आलो, तेव्हा दोन हजार साल नुकतं उलटलं होतं. टेम्पोतून सामान उतरत होतं. जिन्यात गाद्या, खाली फाटकापाशी भांड्यांची पिंपं आणि या सगळ्यात आमचे हे मिक्सर छातीशी धरून उभे. एवढ्यात गाऊन घातलेली, खांद्यावर टॉवेल टाकलेली एक ठेंगणी, काळीसावळी बाई आली आणि सामानातून फिरू लागली. भाजीवाल्याकडे भाजी बघावी तशी बघत होती.

“ती चाकाची खुर्ची कोन वापरतं?”

“माझ्या वडिलांची आहे. म्हणजे होती. ते गेले.”

“कदी?”

“दिवाळीच्या आधी.”

“मंग आता काय ते बसायला येतात?” असं म्हणून तिनं खुर्ची उघडली, ब्रेक सोडला आणि उशीसकट ढकलत घेऊन गेली.

“ही कोण?” ह्यांनी विचारलं. “मला काय माहीत!” मी म्हटलं. रागानं माझे कान तापले होते. संध्याकाळी सामान जरा लागल्यावर खुर्ची परत आणायच्या तयारीनं मी खाली गेले. तळमजल्याच्या पॅसेजमध्ये त्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. तिला दिसत नव्हतं, हे तिच्या मान वर धरण्यावरूनच कळत होतं. पाठीशी माझ्या वडिलांची, मी भरतकाम केलेली उशी. मागून एक उंच, गोरे, धोतरवाले आजोबा खुर्ची ढकलत होते आणि सांगत होते, “आता डावीकडं स्कूटर आहे. लाल. आता एक मांजर गेलं.” म्हातारी म्हणाली, “आप्पा, मांजर कसलं होतं ते सांगा की.” ते म्हणाले, “तुमच्यासारखंच. हट्टी.”

दारात रोझीमावशी उभी होती. मी भांडायला आले होते. तोंडातून शब्द आले, “कुरकुरत नाही ना खुर्ची?”

“कुरकुरते. तेल दे,” ती म्हणाली.

मी वर गेले आणि तेलाची वाटी घेऊन खाली आले. तिच्याशी माझी ओळख झाली ती अशी.

ती मूळची उत्तनची. माहेर मच्छीमारांचं, भाऊ अजून बोट घेऊन जायचे आणि आले की तिच्याकडे टोपलीभर बोंबील पोचते करायचे. नवरा बोटीवर नोकरीला होता, म्हणजे मोठ्या, परदेशी बोटीवर. त्यानं हा ब्लॉक घेतला आणि मग बिचारा फार जगला नाही. मूलबाळ नाही. ती गोडदेवच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये आया होती. तिथं लोक म्हाताऱ्या माणसांना भरती करत, पहिले काही दिवस डबे आणत आणि मग एकदम यायचे बंद होत. लिहून दिलेल्या फोनवर कुणी उचलत नसे. डॉक्टर अशा वेळी रोझीमावशीकडे नुसते बघत म्हणे, आणि मग ती त्या माणसाला रिक्षात घालून घरी आणी. त्या खुर्चीतल्या सरूआजी अशा आल्या, आप्पाही असेच आले. आधी आणखी काही जण येऊन, राहून, देवाघरी गेले होते.

का आणता, असं मी तिला पुष्कळदा विचारलं. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाली, “एकटीला टीव्ही बघायला कंटाळा येतो.” एकदा म्हणाली, मरताना नवऱ्यानं शपथ घातली. एकदा म्हणाली, चर्चच्या फादरनी सांगितलं. ते फादर एका लग्नात मला भेटले तेव्हा मी मुद्दाम विषय काढला. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “मी? मी तर तिला सांगत होतो, रोझी, तुझं ब्लडप्रेशर बघ, हे नको करू!” मी हे तिला सांगितलं तर तिला काही वाटलं नाही. “फादर विसरले असतील. वय झालं त्यांचं,” म्हणाली.

तिचा एक नियम होता: तिच्या घरात फुकट कुणी बसायचं नाही. “बसून खाल्लं की मानूस लवकर मरतो,” हे तिचं म्हणणं. प्रत्येकाला काम असे, आणि काम म्हणजे दुसऱ्या माणसाचं काम. आप्पांनी सरूआजींचे डोळे व्हायचं. पेपर वाचून दाखवायचा, फिरवायचं, ताटात काय कुठं वाढलंय ते सांगायचं. आणि सरूआजींनी आप्पांवर पहारा करायचा, कारण आप्पांचं डोकं ठिकाणावर नसे. एका तालुक्याच्या शाळेत ते हेडमास्तर होते. बोलणं स्वच्छ, इंग्रजी झोकात. पण आपण कुठं आहोत आणि समोरचा कोण आहे, हे मधूनच पार पुसलं जायचं. एकदा ते घरातून निघाले आणि संध्याकाळी सापडले ते मिठागरात. मीठ ओढणाऱ्या मजुरांना रांगेत उभं करून हजेरी घेत होते. मजूरही बिचारे “हजर, हजर” म्हणत होते.

त्यानंतर मावशीनं काय करावं? आप्पांच्या चपलांना घुंगरू बांधले. बकरीच्या गळ्यात बांधतात तसे. ते छुमछुम उठले की सरूआजी ओरडायच्या, “मावशी, गडी चालला!” मला ते बघवेना. शिकलेल्या माणसाची ही काय विटंबना, असं मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, “मंग तू कुलूप लाव. तुमच्या त्या आश्रमात लावतात तसं. कुलूप बघितलं की हा मरंल, सांगून ठेवते.” मी विचार करत राहिले आणि मला दोन्ही बाजू पटत राहिल्या. आप्पांना मात्र त्या घुंगरांची मौज वाटायची. ते तालावर चालायचे.

स्वयंपाकघरात दोन शेगड्या होत्या. एकीवर बोंबील, दुसरीवर आप्पांची साधी वरणभाजी. “एक पापी, एक पुन्यवान,” ती सांगायची. रविवारी चर्चला जाताना रेशमी साडी, केसांत गजरा आणि पावडर इतकी की मान वेगळी नि चेहरा वेगळा दिसावा. आपण छान दिसलो का, हे ती चारचौघांत विचारायची. कौतुकाची तिला फार हौस होती. आणि मागण्याची लाज नावालाही नव्हती. खरं तर ती मागतच नसे, वसूल करी. आमच्याकडे यायची, फ्रीज उघडायची, “एवढं दूध दोघांना कशाला?” म्हणायची आणि पातेलं घेऊन जायची. आभार वगैरे मानायचा प्रघात तिच्याकडे नव्हता. उलट पातेलं परत देताना सांगायची, “साय पातळ होती.”

आता असं माणूस कुणाला आवडेल? आमच्या बिल्डिंगमध्ये पुष्कळांना आवडत नव्हतं.

सोसायटीचे चेअरमन मेहताभाई. माणूस वाईट नव्हता, एवढं मी म्हणेन. पण खाली म्हाताऱ्या माणसांचा राबता, अधूनमधून दारात ॲम्ब्युलन्स, कधी थेट तिरडी आणि दिवसभर ते घुंगरू. घर विकायला काढलेल्या एकाकडे आलेलं गिऱ्हाईक हे बघून परत गेलं आणि ठिणगी पडली. गच्चीवर मीटिंग बोलावली. रहिवासी जागेत आश्रम चालवता येणार नाही, घरात मालक आणि त्याचे नातेवाईक एवढेच राहू शकतात, असा ठराव मांडला गेला.

“मंग झालंच की,” रोझीमावशी उभी राहून म्हणाली. “माझे नातेवाईकच हायत.”

मेहताभाई शांतपणे म्हणाले, “मावशी, ये आप्पा आपके कौन लगते हैं?”

“मामा.”

“मामा? उनके गले में तो जनेऊ है.”

“मामा हट्टी हाय. लहानपनापासून कुनाचं ऐकत न्हाय.”

गच्चीवर हशा पिकला. “और वो सरूआजी?”

“मामाची बायको.”

खुर्चीत बसलेल्या सरूआजी “अगं बाई!” म्हणाल्या आणि त्यांनी पदर सावरला. आप्पांनी मात्र अत्यंत गंभीरपणे सभेला नमस्कार केला. मेहताभाईसुद्धा हसले. पण हसून झाल्यावर ठराव पास झालाच. होळीपर्यंत बाहेरच्या माणसांची दुसरीकडे सोय करायची, नाहीतर सोसायटी तक्रार करणार.

सरूआजींची एक पुतणी विरारला होती. कुरकुरत का होईना, तिनं न्यायची तयारी दाखवली असती. प्रश्न आप्पांचा होता. त्यांना एक मुलगा होता, विनायक नावाचा. रोझीमावशी त्याचं घर शोधत डोंबिवलीला जाऊन आली होती. त्यानं दार अर्धवट उघडून सांगितलं होतं की मुलीची बारावी आहे, घर लहान आहे, थोडे दिवस ठेवा. हे तिनं फक्त मला सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच तिचा आवाज खाली गेला. “थोडे दिवस म्हंजे किती, ते मी बी विचारलं न्हाय,” ती म्हणाली. म्हणजे होळी आली की आप्पांना कुठंतरी कुलपाआड जावं लागणार होतं. ते तिथं टिकणार नाहीत, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. माझ्याही नव्हती.

आणि तेव्हाच मंडळाचं आमंत्रण आलं. आमच्या विभागातलं एक मंडळ सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा घाली, संध्याकाळी हळदीकुंकू आणि गुणवंतांचे सत्कार. त्या वर्षी ‘निराधारांचा आधार’ म्हणून रोझीमावशीचा सत्कार ठरला. नगरसेवक येणार, शाल-श्रीफळ देणार, स्थानिक पेपरात फोटो येणार. मेहताभाई त्या मंडळाचे सल्लागार होते, पण हे नाव वरून आलं होतं, त्यामुळे त्यांना गप्प बसावं लागलं.

रोझीमावशी हरखली. “एकदा अंगावर शाल पडली की मेहताची काय टाप हाय!” ती जिन्यात मोठ्यानं म्हणाली, म्हणजे मेहतांना ऐकू जावं. मग वर आली आणि मला म्हणाली, “दोन ओळी लिहून दे. भाषन करायचं हाय.”

मी लिहून दिलं: ‘मी काही मोठं केलेलं नाही. ही सगळी माझीच माणसं आहेत.’

तिनं ऐकलं आणि भडकली. “मोठं न्हाय केलं कशाला बोलू? केलंय!” मग आम्ही दोघींनी मिळून दुसरं केलं. मी मोठं काम केलंय. ही सगळी माझी मानसं हायत. यांना कोनी हात लावायचा न्हाय. हे भाषण ती पुढचा पंधरवडाभर घोकत होती. भांडी घासताना, माझ्या दारात, पाण्याच्या टँकरपाशी. नवीन साडी घेतली, मोतिया रंगाची. ब्लाऊजचं माप देताना शिंप्याला सांगितलं, “शाल घेतल्यावर बी दिसला पायजे.” माझ्या आयुष्यात मी इतक्या मनापासून सत्काराची वाट बघणारं दुसरं माणूस पाहिलेलं नाही.

आता त्या संध्याकाळचं सांगते. मैदानात मांडव, बल्बच्या माळा, स्टेजच्या एका कोपऱ्यात पूजेचा चौरंग. पहिल्या रांगेतल्या राखीव खुर्च्यांवर मोतिया साडीत रोझीमावशी, तिच्या शेजारी आप्पा आणि बाजूला चाकाच्या खुर्चीत सरूआजी. तिच्यामागच्या रांगेत मी. आप्पांना तिनं स्वतःच्या हातानं तयार केलं होतं. इस्त्रीचं धोतर, लांब कोट, काळी टोपी. कुठल्या बोहारणीकडून तो कोट मिळवला होता देव जाणे. चपलांचे घुंगरूही सोडले होते.

सूत्रसंचालक हौशी होते. त्यांनी नाव शेवटी सांगायचं ठरवलं होतं. आधी अंधार, मग पणती, मग वटवृक्ष असं बराच वेळ चाललं. “ज्यांनी रक्ताचं नातं नसताना वृद्धांना आपल्या घरात आसरा दिला, ज्यांच्या पायाशी आज आपण नतमस्तक होणार आहोत…” टाळ्या सुरू झाल्या. रोझीमावशीनं साडीच्या निऱ्या नीट केल्या. नगरसेवकांना पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. ते शाल उघडून तयारच होते.

आणि आप्पा उठले. आयुष्यभर असल्या समारंभांना गेलेला माणूस. टाळ्या झाल्या, आपण उठायचं, एवढं त्यांच्या अंगात राहिलेलं. ते ताठ चालत स्टेजवर गेले आणि हात जोडून उभे राहिले. आमच्या लोकांचं कसं असतं, काळी टोपी आणि पांढरं धोतर दिसलं की हातातली शाल आपोआप तिकडे जाते. नगरसेवकांनी ती आप्पांच्या खांद्यावर घातली आणि वाकून पायाला हात लावला. मेहताभाईंनीही वाकून श्रीफळ दिलं. फोटोवाल्यानं फ्लॅश मारला. सूत्रसंचालक तोंड उघडं टाकून उभे होते. त्यांनी माईकवर हात ठेवून नगरसेवकांच्या कानात काहीतरी सांगितलं. नगरसेवक हसतमुखानं म्हणाले, “असू दे, असू दे,” आणि निघाले.

रोझीमावशी खुर्चीतून अर्धी उठली होती. ती तशीच थांबली आणि मग खाली बसली.

आप्पांनी माईक हातात घेतला. “हे काम माझ्या एकट्याचं नाही,” ते म्हणाले. आवाज खणखणीत. “माझ्या शाळेतले शिपाईसुद्धा यात आहेत. आपल्या गावात कुणीही उपाशी झोपता कामा नये. ज्याला अडचण असेल त्यानं माझ्याकडे यावं. दार उघडं आहे.” कुठली शाळा, कुठलं गाव, कुणाला काही कळलं नाही. पण लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या थांबेनात. मी पुढं वाकून पाहिलं, तर रोझीमावशीही टाळ्या वाजवत होती. जोरजोरानं, तळवे लाल होईपर्यंत.

घरी येताना ती खुर्ची ढकलत होती. तिच्या पुढं शाल पांघरलेले आप्पा लोकांचे नमस्कार घेत चालले होते. ती मला म्हणाली, “बघ. आता लावंल मेहता हात त्याला? स्वतःच्या हातानं नारळ दिलाय.”

मी थबकले. “मावशी, तुम्ही हे मुद्दाम केलंत?”

“डोकं फिरलंय तुझं?” ती उसळली. “माझी शाल गेली! एवढी साडी घेतली मी!” आणि भर रस्त्यात तिला रडू कोसळलं. सरूआजी मागं हात करून तिचा हात चाचपू लागल्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगू शकते. पण मग तो लांब कोट कशासाठी आणला होता? घुंगरू का सोडले होते? आप्पांना शेजारच्याच खुर्चीत का बसवलं होतं? मी हे पुन्हापुन्हा उलटसुलट करून बघितलं आहे आणि दर वेळी निकाल वेगळा लागतो.

फोटो पेपरात आला. त्यात मेहताभाई आप्पांपुढे वाकलेले स्वच्छ दिसत होते. होळी आली आणि गेली. ठरावाचं नावही कुणी काढलं नाही. उलट दुपारी मेहतांच्या घरून ताकाचा तांब्या यायला लागला, ‘गुरुजींसाठी’. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी चादरी दिल्या. एक डॉक्टर स्वतःहून येऊन सगळ्यांना तपासून जाऊ लागले. शाळेतल्या माझ्या पोरांनीही घरोघरून साबण गोळा करून आणले. जो तो आप्पांच्या हातात देई, आप्पा ते घेऊन घरात जात आणि म्हणत, “मावशी, हे कुणा गरजूला देऊन टाका.” रोज सकाळी ते मजल्यामजल्यावर जाऊन दार वाजवायचे, “कुणाला काही अडचण?” आणि गंमत म्हणजे लोक त्यांना अडचणी सांगू लागले, एवढंच नाही तर एकमेकांच्या सोडवूही लागले.

रोझीमावशीला याचा आनंद होता की जळफळाट, हेही मला कळलं नाही. “माझ्या नावानं कोन देत न्हाय, त्याच्या नावानं देतात,” ती आदळआपट करी. केर काढताना ओरडायची, “ओ समाजसेवक, पाय वर घ्या!” मंडळाचे लोक ओशाळून आले. पुढच्या वर्षी तुमचा सत्कार नक्की, म्हणाले. ती म्हणाली, “पुढल्या वर्षी सरूला द्या. मंग कोन नवीन येईल त्याला. माझं मेल्यावर बघा.” त्यांना तो नम्रपणा वाटला. मला काय वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही.

पुढं ह्यांची नाशिकला बदली झाली आणि आमचा मुक्काम हलवायचं ठरलं. निघायच्या आदल्या रविवारी तिनं मला खाली बोलावलं. “वर जाऊ नको. तू शुद्ध बोलतेस. तो आलाय.”

तो म्हणजे विनायक, आप्पांचा मुलगा. पन्नाशीचा, जाडजूड चष्मा, हातात फळांची पिशवी. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी पेपरातलं कात्रण त्याला दाखवलं होतं. ‘तुमचे वडील का हे? केवढं काम आहे!’ तो लोखंडी कॉटच्या कडेला बसला होता आणि घाम पुसत होता. बाबांना न्यायला आलोय, असं त्यानं मला सांगितलं. अभिमानानं आला होता की लाजेनं, मला कळेना. त्यालाही कळत नसावं.

रोझीमावशी एवढंच म्हणाली, “येत असंल तर ने. मी बांधून न्हाय ठेवला.” इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडली, त्याला अशी सोडायला निघाली हे बघून माझाच जीव वरखाली झाला.

विनायक वडिलांच्या पाया पडला. “बाबा, घरी चला.”

आप्पांनी त्याच्याकडे आस्थेनं पाहिलं. “बसा. कुठून आलात?”

“बाबा, मी विनू.”

“बरं, बरं. ऊन फार आहे. पाणी घ्या आधी.” तो रडायला लागला तसे आप्पा पुढे सरकले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “रडू नका. इथं पुष्कळ जण येतात. लाज वाटून घ्यायची नाही. अडचण काय आहे? राहायला जागा नाही का?”

विनायकनं चष्मा काढून पुसला. मग मान हलवून म्हणाला, “नाही.”

“मावशी,” आप्पांनी हाक मारली, “यांना आपल्याकडे ठेवून घ्या. माझ्या शेजारी झोपतील.”

मला वाटलं, आता ही बाई त्याला फाडून खाणार. डोंबिवलीच्या त्या अर्धवट उघडलेल्या दाराचं उट्टं काढायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. तिनं त्याच्यासमोर ताट ठेवलं, पुण्यवान शेगडीवरचं. “जेव,” म्हणाली. तो जेवला. आप्पा त्याला आग्रह करत होते. संध्याकाळी तो एकटाच निघाला. पुढच्या रविवारी येतो, म्हणाला. आणि तो येत राहिला, असं मला पुढं सरूआजींनी फोनवर सांगितलं. दर रविवारी बिनघराचा माणूस म्हणून यायचा, आप्पा त्याला ठेवून घ्यायचे.

पण माझ्यापुढं राहिलंय ते त्या संध्याकाळचं. विनायकची रिक्षा वळली. दारात आप्पा, रोझीमावशी आणि मी.

आप्पांनी विचारलं, “हा मुलगा कोण होता हो?”

मी मावशीकडे बघितलं. जिनं जानव्याच्या माणसाला मामा केलं, तिला एक नातं जोडून द्यायला काय वेळ लागणार होता?

“तुमचा पोरगा,” ती म्हणाली.

आप्पा त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. “गुणी वाटला,” ते म्हणाले. आणि मग अगदी काळजीच्या सुरात, “पण मग त्याला घर कसं नाही?”

रोझीमावशीनं आप्पांच्या सदऱ्याचं निसटलेलं बटण लावलं, वरचंही लावलं, कॉलर सारखी केली. सारखं करायला काही उरलं नाही, तरी तिचा हात तिथंच होता.